आधीची बाई कुठे गेली?

केसरबाई नोकरी मागायला गेली की आधी पाणी मागायची.

थंडीचे दिवस असोत नाही तर मे महिना, दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "थोडा पानी मिलेगा?" तहान तिला नसायची. सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतून निघताना ती तांब्याभर पाणी पिऊन निघायची, हे मी शेजारीण म्हणून रोज बघितलेलं आहे. तिला पाणी प्यायचं नसायचं, बघायचं असायचं. माठ कुठे ठेवलाय, त्याच्यावर झाकण आहे का, पेला साखळीने बांधलाय की मोकळा. पाणी आणून देणारी बाई सरळ आली की आधी सेठच्या तोंडाकडे बघून मग आली. एवढं सगळं तिला अर्ध्या पेल्यात कळायचं.

"बांधेल पेला दिसला ना शकू, की समज," ती मला सांगायची. "आज पेला बांधेल शे, उद्या तुले बांधतीन."

घरात ती आमची अहिराणी बोलायची, बाहेर तिची स्वतःची एक हिंदी होती आणि गुजराती मात्र ती फक्त भांडताना वापरायची. ठेंगणी, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चष्म्याची एक काडी केव्हाच तुटलेली, तिथे साडीच्या लेसचा तुकडा बांधलेला. तिने वर्षानुवर्षं साड्यांना लेस लावायचं काम केलं, त्यामुळे तिच्या घरात जे जे तुटलं ते लेसनेच जोडलेलं असायचं. पिशवीचा बंद लेसचा, खिडकीच्या पडद्याची दोरी लेसची, गॅसच्या शेगडीचं बटण हरवलं तर त्या दांडीलासुद्धा सोनेरी लेस गुंडाळलेली. चहा करायला गेलं की वाटायचं, शेगडीचंच लग्न आहे.

तर सांगत होते तिच्या चौकशीचं. आमच्या खानदेशात पोरगी द्यायची म्हणजे आधी चार माणसं मुलाचं घर पाहायला जातात. तुम्हाला माहीत असेलच. पाणी पितात, चहा घेतात, सहज म्हणून मागच्या दाराने फिरून येतात. चूल बघतात, कोठी बघतात, आणि मग जाता जाता घरच्यांना नाही, शेजाऱ्यांना विचारतात. घरचे सगळे गोडच बोलतात, खरं काय ते शेजारी सांगतो. आणि ह्यात पोरीची आई स्वतः तोंड उघडत नाही. ते बरं दिसत नाही. ती मध्यस्थाला कोपराने ढोसते आणि मध्यस्थ विचारतो.

केसरबाईने ही सगळी रीत उचलली आणि नोकरीला लावली. तिचं म्हणणं असं, की पोरगी दुसऱ्याच्या घरात द्यायची तर आपण एवढं बघतो, आणि स्वतःला रोजचे दहा-दहा घंटे दुसऱ्याच्या खात्यात द्यायचे तर काहीच विचारायचं नाही, हा कुठला न्याय. खातं म्हणजे इकडे कारखान्याला म्हणतात, लूमचा असो की भरतकामाचा. "खातं म्हंजे सासरच शे," ती म्हणायची. "फरक इतलाच, की ह्या सासरले मानपान नही."

तिचे प्रश्न ठरलेले. पाणी झालं, की दुसरं, संडास दाखवा, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते ते सांगा. तिसरं, दार आतून उघडतं की बाहेरून. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा, जो ती पिशवी खांद्याला लावून, निघता निघता, काहीच नाही अशा आवाजात विचारायची.

"आधीनी बाई कोठे गयी?"

सेठसमोर त्याचं हिंदी व्हायचं. "सेठ, वो पहलेवाली किधर गई?"

तुम्ही कधी विचारून बघा. चांगला हसरा सेठ ह्या एका प्रश्नाने कसा होतो ते बघा. कुणी घसा खाकरतो, कुणाला एकदम फोन येतो. एकाने तर तिला गुजरातीत विचारलं, "बेन, तमारे नोकरी जोइए छे के मारी फेक्टरी?" त्यावर ही म्हणाली, "पहले देख तो लेने दो, फिर बताती हूँ क्या चाहिए."

हे वेड तिला जन्मापासून नव्हतं, हे मला सांगायलाच पाहिजे. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा ती आमच्यासारखीच मान खाली घालून बसणारी होती. तिचे मालक आनंदाभाऊ, त्यांना कुणी तरी सांगितलं की कापड रंगवायच्या एका मिलमध्ये रोलरवर जागा आहे. हे गेले. सेठ म्हणाला, "कल से आ जाओ." हे म्हणाले, "हो सेठ," आणि येताना पावशेर जिलेबी घेऊन आले. सगळ्या गल्लीने एकेक वेढा खाल्ला, मीही खाल्ला. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या रोलरमध्ये गेली.

दवाखान्यात मिलमधला एक जण भेटायला आला. चांगला माणूस होता, सफरचंदं घेऊन आला होता. हळहळत म्हणाला, "उस मशीन का यही है. पहलेवाले का भी ऐसे ही हुआ था." केसरबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने विचारलं, "मग तू पहले दिन क्यों नहीं बोला?"

तो म्हणाला, "किसी ने पूछा ही नहीं, भाभी."

बस. तिथून पुढे केसरबाईने विचारायचं सोडलं नाही.

आनंदाभाऊ मात्र हसरा माणूस. पुढे ते एका सोसायटीत वॉचमन झाले, पगार जेमतेम, घर खरं केसरबाईच्या कामावरच चालायचं. बोटांवर काही मोजायचं झालं, की ते आठापर्यंत मोजायचे आणि हाक मारायचे, "केसर, पुढचे दोन दे." आणि ती भाकरी थापता थापता, तिकडे न बघता, पिठाची दोन बोटं पुढे करायची. त्यांच्या पूजाला तर लहानपणी वाटायचं की सगळ्यांचे आईबाप असंच मोजतात.

आता ती नेहमी बरोबरच निघायची असं म्हणेन तर ते खोटं होईल. भेस्तानला एक लेसचं खातं होतं. मी आणि ती, दोघी गेलो होतो. माठ चकाचक, पेला मोकळा, संडासाला आतून कडी, सेठ म्हातारा आणि मऊ. मला वाटलं, झालं बाई काम. पण निघताना केसरबाई दाराबाहेर थांबली आणि तिथे काढून ठेवलेल्या चपला बघत बसली. मग माझा हात धरून मला रस्त्यावर ओढलं.

"काय झालं वं?" मी म्हटलं.

"चपला बघ्यात का? नऊ जोड, नऊच्या नऊ नव्या. एक झिजेल नही. म्हंजे कोणी बाई इथं दोन महिने टिकत नही. चपल झिजाच्या आत पळी जातस."

मला ते इतकं पटलं, की मी तिच्या हुशारीचं गल्लीभर कौतुक केलं. दोघींनी ती नोकरी घेतलीच नाही. महिन्याभराने त्याच खात्यातली एक बाई बाजारात भेटली. म्हातारा सेठ दर दिवाळीला सगळ्या बायकांना नव्या चपला देतो. आम्ही गेलो तो दिवाळीनंतरचा आठवडा होता.

पुढे वर्षभर केसरबाई गल्लीतून चालली, की कुणी ना कुणी तिच्या पायांकडे बघून म्हणायचं, "काय केसरबाई, झिजल्या का?" ती म्हणायची, "चुकनू तर चुकनू. ईचारं नही म्हनीसन चुकनू. सेठलेच ईचारी लेती तर समजी जातं." म्हणजे त्या चुकीतूनही तिने हेच काढलं, की प्रश्न कमी पडला. आता अशा बाईला काय म्हणायचं.

मनीषाच्या नोकरीचं तर मी अजून कुणाकुणाला सांगते. मनीषा म्हणजे आमच्या समोरच्या घरातली पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. पर्वत पाटियाला एका साडीच्या होलसेल दुकानात बिलं करायला मुलगी हवी होती, तिला बोलावणं आलं. तिची आई घाबरट. केसरबाई म्हणाली, घाबरायचं काय, आपण घर पाहायला जाऊ. आणि खरोखरच रीत म्हणून पाच बायका निघाल्या. केसरबाई, मनीषाची आई, मी, आणि गल्लीतल्या दोघी. ठेवणीतली लुगडी नेसून, कपाळं भरून, शेअर रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून. मनीषा बिचारी ड्रायव्हरशेजारी, कागदांची फाइल छातीशी धरून.

दुकानात पाच बायका एकदम शिरल्या म्हटल्यावर सेठ उभाच राहिला. "आओ आओ बेन, बैठो. शादी का है?"

केसरबाई म्हणाली, "पहले पानी."

पाणी आलं. पाण्यामागून चहा आला. सेठने गादीवर पांढरी चादर झटकली आणि साड्या पडायला लागल्या. एक पडली, दहा पडल्या, चाळीस पडल्या. मोरपंखी, राणी, चटणी कलर, काय विचारू नका. आम्ही कशाला नाही म्हणतो. मी तर एकीचा पदर खांद्यावर टाकूनही बघितला. मनीषा कोपऱ्यात उभी, फाइलमध्ये तोंड घालून. सेठने थंड मागवलं. घोट घेता घेता केसरबाईने विचारलं, दुकानाचं शटर किती वाजता पडतं, मुलींना रिक्षा मिळेपर्यंत कोण थांबतं, संडास कुठे आहे. सेठ उत्साहाने सांगत होता. गिऱ्हाईक असं का विचारतंय हे त्याच्या लक्षातच आलं नाही, त्याला वाटलं असेल मोठं घर आहे, सगळं बघून घेतात.

मग केसरबाईने बाटली खाली ठेवली. "सेठ, साड्या अच्छ्या है. पर हम साडी लेने नहीं आए. लडकी नौकरी में देने आए है. बिल बनानेवाली पहलेवाली किधर गई?"

सेठने चाळीस साड्यांच्या ढिगाकडे बघितलं. मग आमच्या पाच रिकाम्या बाटल्यांकडे. मग मनीषाकडे. साड्यांच्या घड्या घालणारा माणूस तर डोक्याला हात लावून खालीच बसला.

पण सेठ मनाचा मोठा. आता ह्यांनी थंड प्यायलंच आहे तर उत्तरही देऊन टाकू, असं त्याने ठरवलं असावं. म्हणाला, पहिली मुलगी लग्न होऊन बारडोलीला गेली, हा तिचा फोन नंबर, विचारून घ्या. केसरबाईने तिथेच बसून त्या मुलीला फोन लावला. दहा मिनिटं बोलली. सासू कशी आहे, इथपर्यंत बोलली. मग फोन ठेवून सेठला म्हणाली, "आपका अच्छा बोली."

सेठ म्हणाला, "मेहरबानी. लडकी कल से आए. लेकिन अकेली."

मनीषा आठ दिवस केसरबाईशी बोलली नाही. नोकरी मात्र तिने चार वर्षं केली.

एवढं हसण्याचं सांगितलं, पण ह्या विचारण्यापायी तिच्या घरावर एकदा खरंच वेळ आली. ज्या लेसच्या खात्यात ती बरीच वर्षं टिकली होती, ते मालकाने बंद करून दुसऱ्या गावाला हलवलं. पूजाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. आनंदाभाऊंच्या पगारात घरभाडं निघायचं, कॉलेज निघणारं नव्हतं. आणि केसरबाईला कुणी ठेवेना. तिचं वय झालं होतं हे एक. दुसरं म्हणजे तिची ख्याती झाली होती. एका खात्यात तर ती दारात दिसताच आतून आवाज आला, "अरे वो सवालवाली आई है, बोलो जगह नहीं है." तिने पाणी मागितलं, तर तेही मिळालं नाही.

तीन महिने असे गेले. मग पूजाने पर्वत पाटियाच्या एका नव्या युनिटमध्ये साडी तपासायची जागा शोधून काढली. तयार साडीतले डाग, सुटलेला धागा, वाकडी लेस, हे सगळं बघून बाजूला काढायचं काम. केसरबाईच्या हातचंच होतं. आदल्या दिवशी पूजाने आईला समोर बसवलं. मी तिथेच मेथी निवडत होते.

"आई, उद्या तू काही विचारायचं नाही."

"बरं."

"बरं नाही. पाणी नाही, संडास नाही, किल्ली नाही. आणि ते आधीची बाई तर नाहीच नाही. ते विचारतील त्याचं उत्तर द्यायचं आणि गप बसायचं. माझं वर्ष वाया जाईल, आई."

"नही ईचारत वं माय."

"कानबाईची शपथ घे."

आता आमच्या खानदेशातल्या बाईला कानबाईची शपथ म्हणजे काय, हे मी सांगायला नको. वर्षाला घरात देवी बसवून, रोट करून जिला पूजतो तिची शपथ. केसरबाई कोपऱ्यात बसलेल्या आनंदाभाऊंच्या हाताकडे बघून म्हणाली, "घेतली." पूजा माझ्याकडे वळली. "मावशी, तू सोबत जा. ती बोलायला लागली तर चिमटा काढ."

म्हणून मी गेले. मला नोकरी नको होती, माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. मी चिमट्यासाठी गेले.

चौथ्या मजल्यावर काचेची खोली. तिथे हेतलबेन नावाची पोरगी, पंचवीस-सव्वीसची असेल, पुढ्यात लॅपटॉप. सगळ्यांना घ्यायचं की नाही ते तीच ठरवायची. केसरबाई खुर्चीच्या टोकावर बसली, हात मांडीवर, ओठ आत ओढलेले. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तो चेहरा मी पहिल्यांदा बघितला. दवाखान्याआधीची, जिलेबीच्या दिवशीची केसरबाई बघतेय असं वाटलं.

हेतलबेनने विचारलं, किती वर्षं काम केलं. "बावीस." चष्मा आहे, दिसतं ना नीट? "दिखता है." एक साडी पुढे केली, ह्यात काय चुकलंय? केसरबाईने साडीवरून नुसता हात फिरवला. तीन ठिकाणी बोट ठेवलं. हेतलबेनने तपासलं, तिला स्वतःला दोनच चुका माहीत होत्या. सगळं छान चाललं होतं. बाई गप, मी गप, चिमट्याची गरजच नाही. मी मनात म्हटलं, पूजाचं वर्ष निघालं.

तेवढ्यात हेतलबेन लॅपटॉपमध्ये बघत म्हणाली, "हो गया माजी. अब आपको हमसे कुछ पूछना है?"

ज्या बाईला विचारते म्हणून आयुष्यभर दारातून हाकललं, तिला समोरचं माणूस आपणहून म्हणतंय, विचारा. आणि तोंडाला कानबाईची शपथ.

केसरबाईच्या कपाळाला घाम आला. कुंकू ओघळायला लागलं. तिने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हेतलबेन घाबरली. "माजी, तबियत ठीक है?"

तेव्हा माझ्या बरगडीत कोपर बसलं. चांगलं जोरात. मी बघितलं तर केसरबाई समोरच बघत होती, ओठ न हलवता म्हणत होती, "तू ईचार. तू मध्यस्थ शे."

मी. मी आयुष्यात रिक्षावाल्याला भाडंसुद्धा न विचारता बसते. मला काय सुचणार. मी म्हटलं, "वो... पानी."

हेतलबेनने पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, "नहीं, मेरे को नहीं. ये पूछती है... पूछती नहीं है, मैं पूछती हूँ. पानी कहाँ का है?"

परत कोपर. "संडास."

"संडास भी," मी म्हटलं.

"ताला," कोपर.

"उसका ताला. और ये दरवाजा. ये अंदर से खुलता है?"

हेतलबेन एकेकाचं उत्तर देत गेली. पाणी मशीनचं, संडासाला आतून कडी, दार ढकललं की उघडतं, बघा ढकलून. मी उठून ढकललंसुद्धा. आता कोपराची जागा दुखायला लागली होती, पण शेवटचं कोपर बसलं नाही. केसरबाईने फक्त माझ्या पदराचं टोक धरलं होतं, घट्ट. ते कशाचं आहे हे मला न सांगता कळलं.

"और पहलेवाली बाई," मी म्हटलं, "किधर गई?"

हेतलबेनने लॅपटॉप मिटला. काचेपलीकडे तपासायच्या टेबलांची ओळ होती, तिकडे बघून म्हणाली, "दो गई है उस टेबल से. उधर रोशनी कम है. एक की आँख दुखने लगी, दूसरी से गलती बहुत होती थी, तो ऊपर से डाँट पडती थी. मैंने बोला था लाइट का. किसी ने सुना नहीं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये किसी ने पूछा नहीं आज तक. मैं सबको बोलती हूँ पूछो, सब बोलते है कुछ नहीं."

आणि तेव्हा केसरबाई बोलली. मी चिमट्यासाठी बोटं उचलली, पण तिने हात वर करून मला थांबवलं.

"ये सवाल नहीं है," ती म्हणाली. "मैं बता रही हूँ. टेबल खिडकी के पास लो. लाइट का पैसा भी नहीं लगेगा. फिर मैं सोमवार से आती हूँ."

हेतलबेन हसली. शिपायाला बोलावलं, आमच्यासमोर टेबल उचलून खिडकीशी नेलं. केसरबाईने त्याच्यावर साडी पसरून, डोळे बारीक करून बघितलं आणि मान डोलावली. जाताना हेतलबेन मला म्हणाली, "माजी, आप बहुत अच्छा पूछती हो. आपको भी काम चाहिए क्या?" मी म्हटलं नको बाई, माझ्या बरगड्या पुरणार नाहीत.

रिक्षात केसरबाई पहिल्यांदा नीट श्वास घेऊन म्हणाली, "मी काही ईचारं नही. पूजाले तसंच सांग."

"तसंच सांगते," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

पूजा पास झाली. काही वर्षांनी तिला नवसारीच्या एका दवाखान्यात चांगली नोकरी लागली आणि तिने आईबापांना तिकडे न्यायचं ठरवलं. मुलाखतीत तिने काय काय विचारलं ते ती आम्हाला सांगत नाही, पण नोकरी घेण्याआधी ती त्या दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याकडे दोन दिवस चहा पिऊन आली, हे आनंदाभाऊंनी मला हळूच सांगितलं.

केसरबाईच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या युनिटवर गेले होते. प्रवासाला म्हणून बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, भाजून नेल्या होत्या. तोवर लिफ्ट लागली होती, नाही तर मी कसली चढते. ती त्याच खिडकीशी, त्याच टेबलावर होती, पण त्या दिवशी समोर साडी नव्हती, एक बाई बसली होती. वाशीमकडची, नुकतीच आलेली, तिशीची. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पिशवी मांडीवर धरलेली. केसरबाईच्या जागेवर हिला घ्यायचं की नाही, ते हेतलबेनने केसरबाईवरच सोपवलं होतं.

केसरबाईने तिला फार काही विचारलं नाही. एक साडी दिली, तिने चूक दाखवली, झालं. मग केसरबाईने चष्मा काढून त्याची लेसची काडी नीट केली आणि तिला कळेल अशा साध्या मराठीत म्हणाली, "आता तू विचार."

ती बाई म्हणाली, "मला काय विचारायचं. तुम्ही म्हणाल तसं."

"नाही, विचार. मला घाई नाही."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी बिबड्यांच्या डब्याकडे बघितलं. मध्यस्थ व्हायचं माझं वय राहिलेलं नाही. केसरबाई खिडकीला पाठ टेकून स्वस्थ बसली, जणू दिवसभर तेवढंच काम आहे. बऱ्याच वेळाने, इतक्या हळू की मला पुढे झुकावं लागलं, ती बाई म्हणाली, "ह्या टेबलावर आधी ज्या बाई होत्या, त्या कुठं गेल्या?"

केसरबाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे खाली, बोटं फाकवून.

"ही काय, इथंच आहे," ती म्हणाली. "पोरीकडे चाललीय राहायला. हे बघ, दहाच्या दहा. मोजून घे."

त्या बाईला आधी ती थट्टा वाटली. मग तिने खरंच मोजली, ओठांतल्या ओठांत, एकेक करून. तोवर केसरबाईने हात हलवला नाही.